हात आमचा, बॅट कोणाची?

मे महिन्यातली सकाळ. साडेसहाच वाजले होते, पण जळगावचे ऊन डोळे वटारू लागले होते. मेहरूण तलावाजवळच्या मोकळ्या जागेत एक पोरगा एकटाच बेसबॉल खेळत होता. एका हाताने बॉल वर उडवायचा, घाईघाईने दोन्ही हातांनी बॅट धरायची, बॉल मारायचा आणि मग बॅट खाली ठेवून तो आणायला स्वतःच पळायचे. दहा मिनिटांत त्याने बारा-पंधरा वेळा बॉल मारला असेल. बाकीचा वेळ धावण्यातच गेला.

पोरगा ओळखीचा निघाला. आमच्याच वस्तीतला. बी. ए. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेला आणि कॉलेजच्या बेसबॉल संघातला. त्याला विचारले, "काय रे, एकटाच?" तो म्हणाला, "काय करू काका, टाकणारं कोणी नाही. कॉलेज बंद आहे, सर गावाला गेले. सामानाच्या खोलीला जूनपर्यंत कुलूप. हा एक बॉल माझ्याकडे राहिला म्हणून बरं."

टाकणारं कोणी नाही. हा लेख या एवढ्याच वाक्यावर आहे. कुणाला वाटेल, देशापुढे महागाई, बेकारी, आरक्षणावरचे हल्ले असे डोंगराएवढे प्रश्न उभे असताना हा बेसबॉल कुठून काढला? पण समाजाचा पोरगा ज्या दाराशी अडतो, ते दार लहान की मोठे हे बाहेर उभे राहून ठरवणारे आपण कोण? त्याच्यासाठी ते दार बंद आहे, ही वस्तुस्थिती आहे. ते का बंद आहे आणि कोणी उघडायचे, हे पाहिलेच पाहिजे.

आधी खेळातली अडचण समजून घेऊ. धावणे एकट्याला करता येते. गोळाफेक, लांब उडी, दंड-बैठका, सारे एकट्याला जमते. बेसबॉल फेकण्याचा सरावही भिंतीवर चौकोन आखून करता येतो. बॅटिंग मात्र एकट्याची होत नाही. तिला समोर माणूस लागतो. बेसबॉलमध्ये पिचर ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटरवरून बॉल टाकतो. पाऊल पुढे टाकून तो हात सोडतो, तेव्हा हे अंतर सतरा मीटरच्या आसपास उरते. कॉलेजच्या चांगल्या पिचरचा बॉल ताशी १२० किलोमीटरने आला, तर बॅटरच्या हाती उरतो अर्धा सेकंद. या अर्ध्या सेकंदात बॉल सरळ आहे की वळणार, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायचीसुद्धा. क्रिकेटसारखा टप्पा नाही, की तो पडल्यावर बॉलचा अंदाज घ्यावा.

हा निर्णय डोळ्यांनी शिकायचा असतो, आणि डोळे शिकतात ते फेकणाऱ्याच्या हातावरून. त्याचा खांदा कधी वळला, मनगट कुठे मोडले, बोटांतून बॉल कसा सुटला, हे शेकडो वेळा पाहिल्याशिवाय बॅटरला वेळ साधत नाही. रबरी नळीच्या टोकावर बॉल ठेवून मारला, तर बॅटचा फटका सुधारतो. बॉल फेकणारे यंत्रही मिळते, पण यंत्राला खांदा नसतो, मनगट नसते. म्हणून खेळणारे जाणकार जिवंत सरावाचा आग्रह धरतात. समोर माणूस, त्याच्या हातात बॉल, आणि त्या बॉलमागे एक डोके.

आता यात उन्हाळा आला की काय होते ते पाहा. एप्रिल-मेमध्ये परीक्षा, मग सुट्टी. वसतिगृहातली पोरे आपापल्या गावी जातात. कोणी यावलला, कोणी चोपड्याला, कोणी धुळ्याकडे. संघ फुटतो. दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात, म्हणजे मैदान मिळते ते फक्त सकाळी दोन तास आणि सूर्य कलल्यावर थोडा वेळ. कॉलेज पुन्हा भरते जूनच्या मध्यावर, आणि तेव्हा पावसाने मैदानाचा चिखल झालेला असतो. पावसाळा सरतो न सरतो तोच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे पत्रक लागते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात जायचे तर तिथेच दिसावे लागते. मग बॅटरने तयार व्हायचे कधी? उन्हाळ्यातच. आणि नेमके तेव्हाच त्याला बॉल टाकणारे कोणी नसते.

ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते पुण्या-मुंबईकडच्या शिबिरांना जातात. अमेरिकेत तर कॉलेजच्या खेळाडूंसाठी उन्हाळ्याच्याच स्वतंत्र लीग आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या लीगमध्ये देशभरातली कॉलेजची पोरे जून ते ऑगस्ट खेळतात आणि गावातली कुटुंबे त्यांना आपल्या घरात ठेवून घेतात. पोरगा कुठला कोण, पण गाव त्याला छप्पर देते, समोर रोज नवा पिचर देते. आमच्या पोराला मिळते काय? कुलूप.

हा प्रश्न पैशाचा आहे, असे म्हणून सोडून देता येईल. पण मला तो तेवढाच वाटत नाही. कोण टाकतो आणि कोण मारतो, हा या मातीतला फार जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला बेसबॉलवरून थोडा वेळ क्रिकेटकडे आणि मेहरूणहून पुण्याला जावे लागेल.

साल १८९२ च्या आसपासचे. पुण्यातल्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात एक सोळा-सतरा वर्षांचा चांभाराचा पोरगा कामाला लागला. नाव पालवणकर बाळू. त्याआधी तो पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत-लोटत होता. इथे चार रुपये मिळू लागले. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी उभारायची, टेनिसच्या मैदानाच्या रेषा मारायच्या, आणि साहेबाला सराव हवा असेल तेव्हा बॉल टाकायचा. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा इंग्रजांचा नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूला बॉलिंग करायला लावायचा. बाळूने एकदा बाद केले की आठ आणे, असा त्यांचा करार होता, असे सांगतात. ग्रेगची बॅटिंग सुधारत गेली आणि बाळूचा डावा हात तयार होत गेला.

आता मुख्य गोष्ट. त्या क्लबात शेकडो तास बॉल टाकूनही बाळूच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. एकदाही नाही. बॅटिंग हे साहेबांचे काम, बॉल टाकणे हे नोकराचे. म्हणजे जिवंत सराव होता, रोज होता, पण तो एकाच बाजूने वाहत होता. हात बाळूचा आणि बॅट साहेबाची.

पुढे हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा तोच हात त्यांना हवासा झाला. मैदानात बाळूच्या हातचा बॉल सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी त्याला तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, त्यात बाळूचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. १९२३ साली ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले, तेही मोठ्या झगड्यानंतर. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूचा अभिमान होता. पुढे राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहून हरला, हेही इतिहासात आहे. पण म्हणून त्या क्लबातला अन्याय लहान होत नाही. ज्याच्या घामावर साहेबाची बॅटिंग सुधारली, त्या घामाची किंमत आठ आणे ठरवली गेली आणि बॅटवरचा त्याचा हक्क कुणाच्या मनातसुद्धा आला नाही.

हे सारे आजच्या पोराला का सांगायचे? कारण ही रीत संपलेली नाही. कोणत्याही गल्लीतल्या क्रिकेटचा कायदा काय? ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आऊट झाला आणि रुसला तर बॅट काखोटीला मारून घरी. ज्याच्या घरी बॅट नाही तो बॉल टाकतो, बॉल आणतो, गटारातून काढतो, आणि त्याची पाळी येईपर्यंत अंधार पडतो. आमच्या मेहरूणची बोरे नावाजलेली. बोरींची झाडे आता कमी झाली, पण एके काळी इथल्या पोरांचे हात बोरे पाडण्यासाठी दगड मारूनच तयार झालेले असत. फेकणारा हात आमच्याकडे कायमच होता. बॅटसाठी मात्र पाळीची वाट पाहावी लागली.

साहेब गेले, पण कॉलेजच्या संघातही हेच चालते. नवा पोरगा आला की आधी वर्षभर त्याने सीनियरला बॉल टाकायचे. ज्याच्याकडे स्वतःचे हेल्मेट, स्वतःचे ग्लोव्हज, तो आधी बॅटिंगला. उरल्या वेळात दहा बॉल वस्तीतल्या पोराला. स्पर्धेत त्या पोराचा बॅटिंगला सूर लागला नाही की सर म्हणतात, याची बॅटिंग कच्ची. कच्ची राहील नाही तर काय? पिकवली कोणी? आणि यात आपलेही दात दिसतात. आमच्याच वस्तीतला पोरगा सीनियर झाला की तोही ज्युनियरला तेच करतो. याचे आत्मपरीक्षण नको का करायला?

२००७-०८ साली अमेरिकेतल्या काही मंडळींनी भारतात वेगाने बॉल फेकणाऱ्यांचा शोध घेतला. हजारो पोरांतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. गरीब घरच्या पोरांचे हे यश कौतुकाचेच आहे. पण शोध कशाचा होता ते लक्षात घ्या. हाताचा. फेकणारा हात यंत्राने मोजता येतो, एका दुपारी हेरता येतो. बॅटर असा हेरता येत नाही, कारण तो वर्षानुवर्षे कुणीतरी टाकलेल्या बॉलवर घडावा लागतो. ज्याला टाकणारा मिळाला नाही, तो बॅटर म्हणून कुणाच्या नजरेत येतच नाही. त्याच्याकडे गुण होता की नव्हता, हे त्यालासुद्धा कळत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला जॅकी रॉबिन्सन. अमेरिकेच्या मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत १५ एप्रिल १९४७ रोजी मोडणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू कॉलेजात असताना बेसबॉलमध्ये कसा होता? १९४० साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून खेळताना त्याची बॅटिंगची सरासरी होती .०९७. म्हणजे दहा संधींत एक हिटसुद्धा धड नाही. फुटबॉल, बास्केटबॉल, धावणे-उड्या मारणे यांत तो चमकला. बेसबॉल हा त्याचा सर्वांत कच्चा खेळ. तिथेच कोणी शिक्का मारला असता तर? पण १९४५ साली तो कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघात गेला. तिथे त्याने दर्जेदार पिचरांचे बॉल रोज पाहिले. १९४६ साली माँट्रियलकडून खेळताना तो त्या लीगमध्ये बॅटिंगमध्ये पहिला आला. १९४९ च्या हंगामाआधी जॉर्ज सिस्लर या जुन्या नामवंत बॅटरने त्याच्यासाठी वेळ दिला आणि त्या वर्षी .३४२ च्या सरासरीने तो नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरला. .०९७ पासून .३४२ पर्यंतची वाट गुण आणि जिद्द यांनी चालली गेलीच, पण समोर टाकणारे होते म्हणूनही चालली गेली.

आणि मोनार्क्स ज्या परंपरेतून आले, ती कोणी उभी केली? १९२० साली नीग्रो नॅशनल लीग स्थापन करण्यात पुढाकार होता रूब फॉस्टर यांचा. ते स्वतः पिचर होते. फेकणाऱ्यानेच लीग उभी केली! गोऱ्यांच्या लीगने दार लावले, तेव्हा त्यांनी दारावर डोके आपटत न बसता स्वतःचे मैदान बांधले. आमचा हात आणि बॅटही आमची.

मेहरूणच्या पोरासाठी वाट इथूनच निघते. लीग नको, आठ जण पुरेत. जळगावला सॉफ्टबॉल नवा नाही. शाळेपासून तो खेळलेल्या मुला-मुलींची इथे वाण नाही. सॉफ्टबॉलचा बॉल मोठा, कमी अंतरावरून आणि खालून टाकलेला, बेसबॉलचा वरून. म्हणून सॉफ्टबॉलचा सराव बेसबॉलच्या बॅटिंगची जागा घेऊ शकत नाही, पण त्या खेळाडूंचे हात तयार आहेत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणारी पोरेही आहेत. त्यांना गोळा करा.

साडेअठरा मीटरवरून १२० च्या वेगाने टाकणारा पिचर नाही, ही अडचण खरी. पण ती हिशेबाने सुटते. नऊ मीटरवरून ताशी ६० किलोमीटरने बॉल टाकला, तरी बॅटरला तोच अर्धा सेकंद मिळतो. एवढ्या वेगाने कोणताही धट्टाकट्टा पोरगा टाकू शकतो आणि त्याचा खांदाही शाबूत राहतो. मात्र इतक्या जवळ उभा राहणाऱ्यापुढे जाळी हवीच. हा बॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि टणक असतो, परत येताना तो दयामाया करत नाही. लोखंडी पाइपची सात फूट उंच, सात फूट रुंद चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायची, एका बाजूचा वरचा कोपरा हात बाहेर येण्यापुरता मोकळा ठेवायचा आणि बाकीवर क्रिकेटची जाड जाळी दुहेरी बांधायची. बॉल टाकला की डोके जाळीआड. बॅटरला हेल्मेट सक्तीचे. आपली पाळी येईपर्यंत नळीवर बॉल ठेवून मारायचे. त्यासाठी पाइपच्या टोकाला जुन्या गाडीच्या रेडिएटरची रबरी नळी पुरते. सकाळी सहा ते आठ, नंतर मैदान सोडायचे. पाण्याचा माठ आणि डोक्यावर ओला रुमाल. खानदेशच्या उन्हाशी मर्दुमकी दाखवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: वही ठेवा. कोणी किती बॉल टाकले आणि कोणी किती मारले, रोज लिहा. जितके टाकले तितके मारायला मिळालेच पाहिजेत. ज्याने चाळीस टाकले त्याला चाळीस मिळतील, मग बॅट कोणाची का असेना. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या बहिणी आल्या तर त्यांचेही नाव त्याच वहीत, त्याच हिशेबाने. त्यांना नुसते बॉल आणायला उभे करू नका. जिथे हिशेब नसतो, तिथे जो बलवान त्याची बॅटिंग. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण सगळा भार पोरांवर टाकून कॉलेजांना मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. विद्यार्थ्याकडून जिमखान्याची फी वर्षाची घेतली जाते. मग सामानाच्या खोलीला उन्हाळाभर कुलूप का? सरांनी सुट्टी अवश्य घ्यावी, तो त्यांचा हक्क आहे. पण दोन बॅटा, दोन हेल्मेट, एक जाळी आणि वीस जुने बॉल संघातल्या दोन जबाबदार खेळाडूंच्या सहीवर देता येत नाहीत का? ग्रंथालयाचे पुस्तक सहीवर मिळते, मग बॅट का मिळू नये?

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची. ‘कमवा आणि शिका’ ही महाराष्ट्राच्या शिक्षणातली मोलाची कल्पना. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून गरीब विद्यार्थी त्यातून चार पैसे मिळवतो. उन्हाळ्यात सकाळी दोन तास संघाला बॉल टाकणे हे काम नव्हे काय? ते या योजनेत आणा. सुट्टीत मजुरीला जावे लागते म्हणून मैदान सोडणारा पोरगा त्यामुळे मैदानावर राहील. हे काही जगावेगळे नाही. भारतीय क्रिकेट संघात आज केवळ फलंदाजांना बॉल टाकून सराव देणारी पगारी माणसे आहेत. त्यातल्या राघवेंद्र यांचे श्रेय विराट कोहलीने जाहीरपणे मान्य केले आहे. २०२४ चा टी-२० विश्वचषक जिंकल्यावर जाहीर झालेल्या १२५ कोटींच्या बक्षिसात या मंडळींनाही वाटा मिळाल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. बाळूच्या चार रुपयांपासून इथपर्यंत यायला सव्वाशे वर्षे लागली. कॉलेजांना आणखी किती लागणार?

कुणी म्हणेल, बेसबॉल खेळून पोट भरते का? राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यात कोणत्या पातळीवरच्या पदकाला काय किंमत, हे नियम ठरवतात. पण पदकापर्यंत पोहोचायला आधी बॅट बॉलला लागावी लागते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल परत येत आहेत. आमचा पोरगा तिथे जाईल, असे खोटे स्वप्न मी दाखवणार नाही. पण विद्यापीठाच्या निवडीला तो उभा राहील, तेव्हा त्याला उणीव पडू नये, एवढी तरी सोय करायची की नाही?

त्या सकाळी मी चपला काढून जाळीशिवायच, लांबून, हळू हळू त्याला बॉल टाकले. पंचावन्न वर्षांचा खांदा. वीस बॉलांत बोलू लागला. त्यातले सात-आठ तरी पार रस्त्याकडे गेले. पोरगा घामाने निथळत हसत होता. मग त्याने बॅट माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही मारा, मी टाकतो." माझा एकही लागला नाही. पण वहीची कल्पना मला तिथेच सुचली.

समाजबांधवांनो, तुमच्या वस्तीतही असा एखादा पोरगा एकटाच बॉल उडवत असेल. उद्या सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर उभे राहा. आणि आपली पाळी मागायला विसरू नका.